पेटी रिकामी असताना

१

पेटी रिकामी होती आणि दिवा लागला.

पेटी म्हणजे आमच्या क्लिनिकमधली आवाजबंद खोली. खोलीच्या आत बसवलेली खोली म्हणा ना. जाडजूड दार, भिंतींना राखाडी फोम, खाली गालिचा, एक खुर्ची आणि जाड काचेची एक खिडकी. ज्यांना कमी ऐकू येतं ते आत बसतात, कानांवर हेडफोन चढवतात आणि हातात लांब वायरचं बटण धरतात. मी बाहेर खिडकीसमोर मशीनपाशी बसते आणि बारीक बारीक आवाज आत सोडते. ऐकू आलं की माणूस बटण दाबतो आणि माझ्यापुढे हिरवा दिवा लागतो. कोणाचे कान कुठवर पोचतात ते त्या दिव्यावरून कळतं.

त्या दिवशी शेवटचा पेशंट जाऊन बराच वेळ झाला होता. मी लांब, दाराजवळच्या कपाटाची काच पुसत होते. दिवा लागला आणि लगेच विझला. चटका बसल्यावर हात मागे घ्यावा, तसा.

मी दचकले, हे वेगळं सांगायला नको. स्वतःचाच फोन वाजला तरी दचकणारी मुलगी मी. दादा मला लहानपणापासून भागूबाई म्हणतो, आणि आता त्याची मुलंही म्हणायला लागली आहेत. पण त्या दिवशी मी फडकं टाकून पळाले नाही. उभी राहिले, श्वास लांबवून सोडला, खिडकीपाशी गेले आणि आत पाहिलं. खुर्ची रिकामी होती. बटण भिंतीवरच्या हुकाला टांगलेलं होतं.

त्याची वायर मात्र जराशी झुलत होती.

२

माझी भीती कशाची, ते सांगते. बंद दाराची. कॉलेजात मी लिफ्ट सोडून जिन्याने जायचे आणि मैत्रिणींना सांगायचे की व्यायाम होतो. न्हाणीघराच्या दाराला कडी लावायच्याऐवजी आत गाणं म्हणत राहायचे, म्हणजे कोणी येऊ नये. अशा मुलीने कान तपासण्याची पदवी घ्यावी आणि नोकरीला आवाजबंद पेटीपाशी बसावं, याला दादा "हौस" म्हणतो.

पेशंटला आत बसवून दार लावायला मला काहीच वाटत नसे. अडचण सकाळची होती. पहिला पेशंट येण्याआधी तपासणाऱ्याने स्वतः आत बसून, दार लावून, मशीनचे सगळे आवाज ऐकायचे असतात. मशीन ठीक आहे की नाही ते तसंच कळतं. मी दार उघडं ठेवून ऐकायचे. मग बाहेरचा पंखा, रस्त्यावरचे हॉर्न, काउंटरवरच्या काकूंचं फोनवरचं बोलणं, सगळं आत यायचं आणि बारीक आवाज त्यात बुडून जायचे. म्हणजे ती तपासणी नुसती नावाची होती.

क्लिनिक चालवणाऱ्या सरांच्या ते लक्षात आलं. रागावले नाहीत, हेच वाईट.

"नवी शाखा तुझ्यावर सोपवायची असं मी धरून चाललोय," ते म्हणाले. "तिथे तू एकटी असशील. तुझ्यासाठी दार धरून कोण उभं राहणार?"

"मला थोडा वेळ द्या, सर."

"देतो. पण शाखा उघडायच्या आत सांग. नाहीतर मला दुसरं माणूस बघावं लागेल."

घरी फोनवर सांगितलं तर दादा म्हणाला, "मग ये ना परत. खोली तशीच आहे तुझी. दाराला कडीसुद्धा नाही."

तो चेष्टाच करत होता. पण मागे आईने कपाट उघडल्याचा आवाज आला. म्हणजे तीही मनातल्या मनात माझं अंथरूण घालून बसली होती. मी फोन ठेवला आणि दुसऱ्याच दिवशी समुपदेशन करणाऱ्या मॅडमची वेळ घेतली.

३

मॅडमची पद्धत मला आवडली, कारण तिच्यात लाड नव्हते. पहिल्याच भेटीत त्यांनी सांगितलं, "भीतीला घालवायचं नाही. तिला बसायला जागा द्यायची. बसून बसून ती कंटाळते."

त्यांनी मला शिडी करायला लावली. सगळ्यात सोप्या भीतीपासून सगळ्यात अवघड भीतीपर्यंत. पहिली पायरी, पेटीच्या दारात उभं राहणं. मग आत, दार उघडं ठेवून. मग दार अर्धवट लोटून. मग बंद. सगळ्यात वर, दार बंद, दिवे बंद, आणि भीती आपणहून उतरेपर्यंत उठायचं नाही. प्रत्येक पायरीवर स्वतःला विचारायचं, आता किती वाटते? शंभर म्हणजे जीव चालला, शून्य म्हणजे काहीच नाही. आकडा निम्म्यावर आल्याशिवाय निघायचं नाही. आधीच पळालो तर मन शिकतं, की पळालो म्हणून वाचलो.

मी पळाले नाही. पहिल्या पायरीवर श्वास भराभर, वरवरचा चालला होता. पण आकडा उतरताना मी स्वतः पाहिला. दारात उभ्या उभ्या जांभई आली तेव्हा मला इतका अभिमान वाटला की मी काकूंना हाक मारून ती दाखवली.

"जांभई काय दाखवतेस," काकू म्हणाल्या, "डबा खा नि झोप काढ."

आमच्याकडे एक बस चालवणारे काका यायचे. त्यांच्या कानात सतत शिट्टी वाजायची. "शिट्टी वाजतेय आणि बस काही सुटत नाही, ताई," असं म्हणायचे. त्यांनाही मी हेच सांगितलं. शिट्टीशी भांडू नका, तिला वाजू द्या, तुम्ही तुमचं काम करा. पुढच्या वेळी ते हसत आले. झोप लागते म्हणाले. कोणाला तरी शिकवण्याइतकं मला आता येत होतं.

दिव्याबद्दल मी मॅडमना सांगितलं. त्यांनी विचारलं, "पेटीत कोणीतरी आहे, याला पुरावा काय?"

"दिवा लागला. वायर हलत होती."

"आणि नाही, याला?"

"पेटी रिकामी होती. एकच दार आहे. वायर वाऱ्यानेही हलते."

"मग?"

"मग वायर सैल असेल."

त्या हसल्या. मीही हसले. हा विचार माझा मी केला होता, कोणी भरवला नव्हता. परत जाऊन मी काकूंना सांगून टाकलं, "तो हिरवा दिवा कधीकधी आपोआप लागतो. वायर सैल आहे. लक्ष देऊ नका."

"मी कशाला देऊ," काकू म्हणाल्या. "माझं लक्ष मला घरी पुरत नाही."

पेटीत वारा कुठून येणार, हे माझ्या रात्री अंथरुणात लक्षात आलं. पण तेवढ्यासाठी मी उठून बसले नाही.

४

मशीनवाला आला. त्याने बटण उघडलं, वायर ओढून पाहिली, पुन्हा जोडलं.

"काही सैल नाही यात," तो म्हणाला. "नवीन असल्यासारखं आहे."

"मग दिवा का लागतो?"

"कोणी दाबत असेल."

त्याने ते सहज म्हटलं आणि पावती फाडून दिली.

मी माझ्या पायऱ्या चढत होते. दार अर्धं लोटून बसायला लागले होते. आणि दिवा आता मी लांब असताना लागत नव्हता. मी मशीनपाशी खुर्चीत बसले की लागायचा. झटकन विझायचाही नाही. जरा थांबायचा. हात टेकवून ठेवावा तसा.

मी शिकलेली मुलगी आहे. अशा वेळी आमच्या विषयात काय करतात ते मला माहीत आहे. काही पेशंट ऐकू न येताच बटण दाबत सुटतात, घाईने नाहीतर भीतीने. त्यांना पकडायचं असेल तर आवाज न सोडता थांबायचं. दोन पेशंटच्या मध्ये मोकळा वेळ मिळाला तेव्हा मी हेडफोन रिकाम्या खुर्चीवर ठेवले, बाहेर आले, दार लावलं आणि मशीनपाशी बसले.

एक मोठा आवाज सोडला. दिवा लागला.

मग गप्प बसले. माझा स्वतःचा श्वास मला ऐकू येत होता. दिवा लागला नाही. मी आणखी थांबले. नाही म्हणजे नाही.

बारीक आवाज सोडला. दिवा लागला. आणखी बारीक. लागला. चांगल्या, तरुण, निरोगी कानांना जिथवर पोचता येतं तिथवर मी उतरले, आणि मग मशीन जिथवर उतरू शकतं तिथवर. प्रत्येक वेळी, आवाज संपता संपता, तो दिवा लागला. इतकं नेमकं उत्तर मला आजवर एकाही पेशंटने दिलेलं नाही.

सैल वायर वाट पाहत नाही.

हे मी कोणाला सांगितलं असतं तर काय झालं असतं, ते मला बसल्या जागी दिसत होतं. सर मान हलवून "विश्रांती घे" म्हणाले असते. नवी शाखा दुसऱ्या कोणाकडे गेली असती. दादा गाडी घेऊन आला असता आणि रस्ताभर एकदाही भागूबाई म्हणाला नसता, आणि ते मला सहन झालं नसतं. मी मशीन बंद केलं, हात धुतले आणि पुढच्या पेशंटला आत घेतलं. दार घट्ट लावलं.

५

मग खुर्ची.

पेटीतली खुर्ची मागच्या भिंतीशी असते. गालिच्यावर तिच्या पायांचे खड्डे पडलेले आहेत, म्हणून ती सरकली की लगेच दिसतं. एका सकाळी ती खड्ड्यांच्या जरा पुढे होती. मी काकूंना विचारलं.

"झाडणारीने सरकवली असेल."

"झाडणारी सुट्टीवर आहे, काकू."

"मग झाडलंच नसेल," काकू म्हणाल्या. "बघ, तू बोललीस म्हणून कळलं."

मी ती जागेवर ठेवली. दुसऱ्या दिवशी ती आणखी थोडी पुढे. मी पुन्हा ठेवली. मग ठेवायची सोडून दिली आणि नुसती पाहत राहिले. रोज थोडं. उडी नाही, घाई नाही. एखाद्या दिवशी मी खोकले किंवा काही पाडलं, तर दुसऱ्या सकाळी खुर्ची मागे गेलेली असायची. मग पुन्हा तिथपर्यंत, आणि तिथून जरासं पुढे.

दारापर्यंत यायला तिला फार उरलं नव्हतं, तेव्हा मला कळलं की हे मी ओळखते. आधी मी लांब असताना एक स्पर्श आणि लगेच माघार. मग मी जवळ असताना. मग जास्त वेळ. मग थोडं पुढे, बिचकलं तर एक पायरी मागे. ही शिडी होती. माझ्यासारखीच, माझ्याकडे बघून शिकलेली किंवा माझ्याही आधीची, कोण जाणे. आत जे होतं ते बाहेरच्या कशाला तरी घाबरत होतं आणि मोठ्या चिकाटीने ती भीती घालवत होतं.

बाहेर मी होते.

खरं सांगते, त्या क्षणी मला आधी कौतुक वाटलं. हे किती अवघड असतं ते मला ठाऊक होतं. भीती त्याच्यानंतर आली.

त्या आठवड्यात मॅडमना मी विचारलं, "सगळ्या पायऱ्या चढून झाल्या की माणूस काय करतो?"

"म्हणजे?"

"भीती गेली. मग पुढे?"

"मग जे भीतीमुळे करता येत नव्हतं ते करतो," मॅडम म्हणाल्या. "तू नवी शाखा घेशील. कोणी पोहेल, कोणी विमानात बसेल. भीती फक्त अडवून धरते गं. इच्छा तर आधीपासूनच असते."

मी मान डोलावली. त्यांनी विचारलं, "शेवटची पायरी कधी करतेस?"

"उद्या," मी म्हणाले.

६

का गेले, असं कोणीही विचारेल. मी स्वतःला रात्रभर विचारलं. आत काहीतरी आहे, हे वाक्य माझी भीती मला आयुष्यभर प्रत्येक बंद दाराबद्दल सांगत आली होती. लिफ्टमध्ये काहीतरी आहे, न्हाणीघरात काहीतरी आहे. दर वेळी तिच्याकडे कारणं होती, आणि दर वेळी ती चांगली कारणं होती. या वेळी ऐकलं असतं तर पुढच्या वेळीही ऐकावं लागलं असतं. शिवाय सरांना सकाळीच सांगून टाकलं होतं की आज जेवणाच्या सुट्टीत मी शेवटची पायरी करते, आणि त्यांनी चक्क माझ्याशी हात मिळवला होता.

काकू दुपारी मशीनच्या टेबलाशी डबा खातात, कारण पंखा तिथेच आहे.

"मी आत बसतेय," मी म्हणाले. "दिवे बंद करून. तुम्ही जेवा. माझ्याकडे बघू नका."

"अंधारात बघू काय?" काकू म्हणाल्या. "जा. भाजी संपली तर मला बोल लावू नकोस."

पेटीत बोललेलं बाहेर ऐकू यावं म्हणून एक माइक असतो. मी तो बंद केला. माइक चालू ठेवून बसणं म्हणजे पोहायला जाऊन काठ धरून ठेवणं, हे माझं मलाच पटलं होतं. फोन बाहेर ठेवला. आत गेले. खुर्ची दाराच्या अगदी जवळ आली होती, ती उचलून मागच्या भिंतीशी नेली, बसले, बटण हुकावरून काढून मांडीवर घेतलं. पेशंट घेतात म्हणून घेतलं, बाकी काही नाही. काकूंनी बाहेरून दार लोटलं. ते आतूनही उघडतं, ढकललं की झालं. मग बाहेरूनच आतला दिवा बंद केला.

त्या खोलीतली शांतता बाहेरच्या शांततेसारखी नसते. फोम सगळं पिऊन टाकतो. स्वतःच्या पापण्या मिटल्याचा आवाज येतो. खिडकीतून बाहेरची उजेडाची चौकट दिसत होती, तिच्यात काकू, त्यांचा डबा, माझं मशीन. त्यांना मात्र काचेत स्वतःचंच तोंड दिसत असणार.

नव्वद, मी स्वतःला सांगितलं. मी उठले नाही. श्वास लांबवला. पायांखालचा गालिचा, पाठीशी टेकू, मांडीवरचं बटण. ऐंशी. भीतीला बसायला जागा दिली. खांदे उतरले. साठ. मग कधीतरी मी पन्नासच्याही खाली आले, आणि मला वाटलं की आता रडू येईल, इतकं बरं वाटलं. मी, भागूबाई, बंद दाराआड, अंधारात, ताठ बसले होते.

माझा श्वास शांत झाला म्हणूनच मला दुसरा ऐकू आला.

दाराच्या बाजूने येत होता. भराभर, वरवरचा, छाती भरत नसल्यासारखा. तो श्वास मला चांगला माहीत होता. पहिल्या पायरीवर मी तसाच घेतला होता.

७

मी बटण दाबलं.

काचेपलीकडे हिरवा दिवा लागला. काकूंनी त्याच्याकडे पाहिलं आणि पुढचा घास घेतला. मी पुन्हा दाबलं. दाबून धरलं. काकूंनी वैतागून मान हलवली, डब्याचं झाकण उचललं आणि दिव्यावर पालथं घातलं. लक्ष देऊ नका, असं मीच त्यांना बजावलं होतं.

"काकू," मी हाक मारली. मोठ्याने मारली. आवाज तोंडातून निघाला आणि फोममध्ये गेला. माइकचं बटण बाहेर होतं. या पेटीतून हाक बाहेर जात नाही, तिचा उपयोगच तो आहे. मी जे काही बोलेन ते आतल्या आतच ऐकलं जाणार होतं.

दार ढकललं की उघडतं. पण दाराकडे जायला त्या श्वासातून जावं लागलं असतं.

आणि तो श्वास उतरत होता. मी ऐकत होते. भराभर होता तो जरा सावकाश झाला. मग मध्ये मध्ये थांबायला लागला. मग लांब. कोणीतरी शिकवावं तसा, सोडताना लांबवलेला. गालिच्यावर काहीतरी टेकलं, आणि थोड्या वेळाने पुन्हा, अलीकडे. काचेतून येणाऱ्या अंधुक उजेडात मला एक हात दिसला, हातच असावा, फार लांब आणि ओला. तो हवेत तसाच धरलेला होता, कोणाला तरी पहिल्यांदा शिवायला निघाल्यासारखा. शिवला नाही. मागे गेला. मग पुन्हा आला, या वेळी कमी थरथरत.

माझा आकडा काय होता ते मी सांगू शकत नाही. आकड्यांच्या पलीकडे काहीतरी असतं, ते मॅडमनी सांगितलेलं नाही. पण मी किंचाळले नाही, डोळे मिटले नाहीत, खुर्ची सोडली नाही. माझ्या सगळ्या आयुष्यात मी इतकी सरळ कधी बसले नव्हते. त्याला घाई करू द्यायची नाही, एवढंच माझ्या मनात आलं. घाबरलेल्या माणसाशी कसं बोलायचं ते मला येत होतं. तेवढ्यावरच तर मी इथवर आले होते.

"कोण आहे?" मी विचारलं.

श्वास तसाच चालू राहिला.

"इथे कोणी तुम्हाला काही करणार नाही," मी म्हणाले. माझा आवाज कापला नाही, हे मी शपथेवर सांगेन. "मीही अशीच होते. परत मागे गेलात तरी चालेल. उद्या पुन्हा येता येईल."

श्वास थांबला. त्याने ऐकलं होतं. मशीनचा सगळ्यात बारीक आवाज ऐकणाऱ्याने मला ऐकलं नसतं तर नवल.

"ऐकू येतंय ना?" मी म्हणाले. "मला एवढंच सांगा. आता भीती किती वाटते?"

बाहेर काकूंनी डबा आवरला, झाकणासकट, आणि हात धुवायला निघून गेल्या. टेबलावर हिरवा दिवा लागलेला होता. बटण माझ्या मांडीवर होतं आणि माझे दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर.

मी पुन्हा विचारलं, "किती?"

मग माझ्या कानापाशी, अगदी हळू, जराही न थरथरता, उत्तर आलं.

"काहीच नाही."